प्रभूच्या डब्यातले तांदूळ

बायडीच्या घरात तांदळाचे दोन डबे होते. एक रेशनच्या तांदळाचा. त्याचं झाकण कधीच हरवलेलं, वर एक ताटली पालथी घातलेली असायची. दुसरा प्रभूचा. त्याला घट्ट झाकण, झाकणावर धुतलेला फडका, आणि तो चुलीच्या धुरापासून लांब, वरच्या फळीवर. रविवारी प्रार्थनेला येताना वाडीतली प्रत्येक विश्वासी बाई घरून मूठभर चांगले तांदूळ आणायची आणि त्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच तांदळाच्या पिठाची बायडी प्रभुभोजनाची भाकर करायची. डब्याला हात लावायचा तो तिनंच. सून जयश्रीनं एकदा फडका धुवायला म्हणून डबा खाली घेतला, तर दिवसभर बोलणी खाल्ली.

"तुज्या हाताला कांद्याचा वास हाय," बायडी म्हणाली. "प्रभूला चालंल एक वेळ. लोकांना नाय चालायचा."

मुरबाडहून म्हशाकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की ही वाडी लागते. वाडीत बायडीचा शब्द चालायचा. प्रार्थना तिच्याच ओसरीत भरायची. शहापूरहून मोटरसायकलवर येणारा तरुण पास्टर साईनाथ, तोसुद्धा उपदेश लांबला की तिच्या तोंडाकडे बघून आवरतं घ्यायचा. आणि बायडीची साक्ष तर वाडीला पाठ होती. नवऱ्याच्या दुखण्यात भगतानं बांधलेला गंडा तिनं आपल्या हातानं तोडला, चुलीत घातला, आणि तेव्हापासून भगताच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. दर नाताळाला ती हे उभं राहून सांगायची, आणि सांगताना पोश्याकडे बघायची.

पोश्या म्हातारा कमरेच्या दुखण्यापायी एकदा चोरून भगताकडे जाऊन आला होता. बायडीनं त्याला भर प्रार्थनेत उभं केलं होतं. त्या महिन्याची प्रभूची भाकर त्याला मिळाली नाही. ताट त्याच्या पुढ्यात आलं तसं तिनं पुढे सरकवलं होतं.

आणि आता तेच ताट ती स्वतःपुढून पुढे सरकवत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाढणाऱ्या बाईनं खाल्लं की नाही, हे कोण बघतं?

झालं होतं ते असं. म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत बायडीच्या नातीला, एस्तेरला, ताप भरला. पोर वर्षाची, नुकती धरून धरून चालायला लागलेली. सकाळी तापात तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. विनोद आणि जयश्री तिला उचलून जीपमध्ये बसले आणि मुरबाडच्या दवाखान्यात गेले. "आये, तू कपडे घेऊन मागून ये," असं विनोद जाता जाता ओरडला.

बायडी कपडे गोळा करायला लागली. एस्तेरचं झबलं हातात आलं. अजून गरम होतं. ते तिनं नाकाशी धरलं. तिनं गुडघे टेकले, प्रभूचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, पण घराच्या शांततेत तिला उत्तर काही ऐकू येईना. उत्तर यायला वेळ लागतो हे ती दुसऱ्यांना सांगत आली होती. त्या दिवशी तिला वेळ नव्हता.

भगताला तांदूळ लागतात, आणि ते अखंड लागतात. रेशनचे तांदूळ म्हणजे निम्मी कणी. बायडीनं फळीवरचा डबा काढला, फडका बाजूला केला, मूठभर तांदूळ घेतले, झबल्यावरून उतरवले, पदरात बांधले आणि मुरबाडची वाट सोडून राघो भगताच्या वाडीची वाट धरली. डोक्यावरून पदर पुढे ओढून, शेताच्या बांधाबांधानं, चोरासारखी.

राघो भगतानं तिला ओळखलं. हसला नाही, एवढे त्याचे उपकार. सुपात तांदूळ पसरले, बोटानं इकडचे तिकडे केले, आणि म्हणाला, "बाई हाय. एकटी ऱ्हाते. दार उगवतीला. पोरांना हात लावते."

बायडीला नाव विचारावं लागलं नाही. तिच्या घराशेजारीच बुधी राहायची. बुधीला मूल नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दार उगवतीला. वाडीतल्या बाया पहाटे टेम्पोत बसून भेंडीच्या मळ्यांवर तोडणीला जायच्या, तेव्हा पोरं बुधीच्या ओट्यावर ठेवून जायच्या. बुधी त्यांना पेज पाजायची, न्हाऊ घालायची, नाकं पुसायची. एस्तेर तर तिच्या मांडीवरच वाढत होती.

भगतानं तांदूळ परत दिले. "पोरीच्या उशाला बांधून ठेव. मंग व्हात्या पान्यात सोड."

बायडी घरी आली, तर दारात पास्टरची मोटरसायकल उभी. विनोदनं दवाखान्यातून फोन केला होता, म्हणून साईनाथ धावत आला होता. तो ओसरीत गुडघे टेकून पोरीसाठी प्रार्थना करत होता, आणि बायडीच्या पदरात भगताचे तांदूळ.

"मावशी, पोरगी बरी आहे," त्यानं डोळे उघडून सांगितलं. "ताप उतरला. तुम्ही कुठं होतात?"

"वाटेत," बायडी म्हणाली आणि आत गेली. आत तांदूळ कुठे टाकावे? केरात टाकले तर जयश्री झाडताना बघेल. चुलीत टाकले तर वास येईल. सगळ्या घरात एकच जागा अशी होती, जी बायडीनं उघडली तर का उघडली असं कुणी विचारत नव्हतं. तिनं फळीवरचा डबा काढला, पदराची गाठ सोडली, आणि भगताच्या सुपातले तांदूळ प्रभूच्या तांदळात ओतले. मग झाकण लावलं. फडका नीट घडी करून ठेवला. आणि बाहेर येऊन पास्टरच्या शेजारी गुडघे टेकले.

पोर घरी आली. डॉक्टरांनी ताप डोक्यात चढल्यानं झटका आला असं सांगितलं होतं, औषध दिलं होतं. पोर खेळायला लागली. एवढ्यावर थांबलं असतं तर बायडीनं आपल्यापुरतं ते गिळलंही असतं. पण पोर पुन्हा बुधीकडे निघाली, तेव्हा बायडीनं तिला उंबऱ्यातच उचललं.

"एस्तेरला बुधीच्या मांडीवर देऊ नको," ती जयश्रीला म्हणाली.

"का वो?"

"मी सांगते म्हनून."

जयश्री मुकाट ऐकणारी सून, पण भेंडीच्या मळ्यात कोण मुकं असतं? काकऱ्यांमधून वाकून चालताना तिनं रत्नाला सांगितलं की आमची पोरगी आता बुधीकडे नाय ठेवत, आई नको म्हनते. का म्हणून नाही सांगितलं. रत्नानं का ते आपलं आपण जोडलं. वाडीत असं जोडायला फार लागत नाही. एकटी बाई, पोर नसलेली, आणि बायडीसारखी बाई तिला पोर द्यायला तयार नाही. आठ-पंधरा दिवसांत बुधीचा ओटा रिकामा झाला. कुणी पोर मळ्यावर नेऊन झाडाखाली निजवलं, कुणी थोरल्या पोरीची शाळा बुडवली. बुधीला कुणी काही बोललं नाही. तिच्या ओट्यासमोरून जाताना बाया पोराला दुसऱ्या कडेवर घ्यायच्या, एवढंच.

पुढच्या पहिल्या रविवारी बायडीनं डब्यातले तांदूळ काढले. निवडून वेगळे करता येतील का म्हणून ती सुपात बघत बसली. तांदूळ ते तांदूळ, भगताचे कुठले आणि प्रभूचे कुठले? सगळं ओतून टाकावं, तर बाया विचारतील, आमच्या मुठी कुठं गेल्या? तिनं ते सगळे दळून आणले. भाकर थापली. सगळी मंडळी जेवली. बुधीनं डोळे मिटून तुकडा तोंडात घातला, आणि बायडी तिच्या गळ्याकडे बघत राहिली, तुकडा उतरेपर्यंत.

त्या दिवसापासून तिला भाकर खाववेना. प्रभूचीच नव्हे, घरातलीही. सगळ्या वाडीला आपल्या हातानं हे चारलं, असं तिला वाटायचं. कधी वाटायचं, तांदळात काय आहे, तांदूळ काय करणार. आणि मग रिकामा ओटा दिसायचा, आणि तांदळानं काय केलं ते समोर असायचं. तिची जीभ आणखी तिखट झाली. विनोद बायकोला म्हणाला, "आयेला काय झालंय गो? मिठावरून भांडते, पाण्यावरून भांडते."

एका दुपारी बुधी आपण होऊन आली. बायडी भांडी घासत होती. बुधी उंबऱ्याबाहेरच बसली, आत आली नाही.

"बायडे, तुला एक इचारू?"

"इचार की. मी काय नाय म्हनले तर थांबनार हायस?"

बुधी हसली नाही. "माज्यात काय पाप हाय ते सांग."

बायडीचा हात राखेत थांबला.

"तू खरं तोंडावर बोलतेस," बुधी म्हणाली. "बाकीचे गोड बोलतात आन् पोरं काढून नेतात. मी लई आठवून बघितलं. रत्नाच्या पोराला एकदा चापट मारली व्हती, त्यानं माती खाल्ली म्हनून. आनखी काय आठवत नाय. देवानं माज्या मांडीवर पोर दिलं नाय, ते मी सोसलं. लोकांची पोरं दिली, मी म्हनले हे बी लई झालं. आता ती बी काढून घेतली. म्हंजे माज्यात कायतरी असंल ना गो? ते मला दिसत नाय आन् त्याला दिसतंय."

बायडीनं तोंड उघडलं. सगळं ओठावर आलं होतं. आणि ती म्हणाली, "तुजं वय झालं. डोळ्यांनी दिसत नाय नीट. बायांना भ्या वाटत असंल."

"तसं असंल?"

"तसंच असंल."

बुधी उठली. जाताना म्हणाली, "या रविवारी मी भाकर घेनार नाय. समजंपर्यंत नाय घेनार. तू ताट माज्यापुढून सरकव. तुला जमतं ते."

ती गेली. बायडी राखेचा हात तसाच धरून बसली. टोमणा नव्हता तो, हेच वाईट होतं. बुधीला टोमणा मारता येत नसे.

पुन्हा महिन्याचा पहिला रविवार आला. ओसरी भरली. गाणी झाली, साईनाथनं उपदेश केला, काय केला ते बायडीला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भाकरीचं ताट आणि कोकमाचं पाणी मधे ठेवलं होतं. साईनाथनं प्रार्थना केली आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "ज्यानं त्यानं आपल्या मनात बघावं, मग घ्यावं."

बायडीनं ताट उचललं. पोश्या, रत्ना, जयश्री, विनोद, आणि भिंतीला टेकून, मान खाली घालून बुधी. बायडीला फक्त ताट पुढे सरकवायचं होतं. ते तिला जमतं.

तिनं ताट खाली ठेवलं.

"ही भाकर कोनी खाऊ नका," ती म्हणाली. "नाय, ही चांगली हाय. मागची वाईट व्हती. थांबा, मला नीट सांगू द्या, मधे बोलू नका."

कुणी बोलतही नव्हतं. तिनं उभ्यानं सांगितलं. झबलं, डबा, राघो भगत, सूप, पदराची गाठ. भगत काय म्हणाला ते सांगताना ती बुधीकडे बघू शकली नाही, चुलीच्या भिंतीकडे बघून बोलली. "आन् ते तांदूळ मी डब्यात वतले. तुमी समद्यांनी खाल्ले. बुधीचं नाव मी कुनाला सांगितलं नाय, पन माजं पोर तिच्याकडून काढून घेतलं, म्हंजे सांगितलंच. बुधीनं काय नाय केलं. तापानं झटका आला व्हता. मी भ्याले आन् दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं."

जयश्रीनं पदर तोंडात धरला. रत्ना जमिनीवर बोटानं रेघा ओढायला लागली. पोश्या खाकरला.

"मंग तुजी भाकर किती दिस बंद?" त्यानं विचारलं. "माजी म्हयनाभर व्हती. कंबर दुखत व्हती फकस्त."

एरवी बायडीनं त्याला सोडला नसता. "तुमीच सांगा," ती म्हणाली.

बुधी उठली. कुणाकडे न बघता, भिंतीला हात लावत लावत ओसरीतून उतरली आणि आपल्या घराकडे गेली. तिच्या दाराची कडी वाजलेली सगळ्यांनी ऐकली.

साईनाथ पोरगेलाच. शहापूरला असं काही त्यानं पाहिलं नसावं.  त्यानं मुठींसाठी ओसरीत आणून ठेवलेल्या डब्यावरचा फडका घेतला आणि भाकरीच्या ताटावर टाकला.

"आज कुणीच नाही खायचं," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही तिच्याकडे जा. तुम्ही दोघी येईपर्यंत आम्ही बसलोय."

"ती नाय आली तर?"

"तर ताट झाकलेलं राहील."

बायडीनं जयश्रीकडून एस्तेरला घेतलं. जयश्रीनं पोर देताना हात पुढे केले आणि मागे घेतले, आणि ते बायडीला दिसलं. सुनेच्याही मनात ते अजून होतंच. बायडीनंच घातलेलं.

बुधी कडी काढून पुन्हा बाहेर, ओट्यावर येऊन बसली होती. कोपऱ्यात पोरांना पेज पाजायची ताटली पालथी. बायडी ओट्याखाली उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती कधी या ओट्याखाली उभी राहिली नव्हती, थेट वर चढायची.

"पास्टरनं धाडलं?" बुधीनं विचारलं.

"हां."

"धाडलं नसतं तर आली असतीस?"

खोटं बोलायला बायडीला आता कंटाळा आला होता. "नसते आले. घरातच बसून ऱ्हायले असते. त्वांड कुठलं दाखवनार?"

"त्या दिवशी मी इचारलं तवा सांगायचं व्हतंस."

"व्हय."

"तू म्हनलीस डोळे गेले माजे. मी रोज सकाळी सुईत दोरा घालून बघत व्हते गो. जात व्हता. तरी वाटायचं, बायडी म्हनते म्हंजे गेलेच असतील."

 बायडीनं एस्तेरला ओट्यावर ठेवलं. पोर एरवी सरपटत बुधीच्या मांडीकडे गेली असती. आज तिनं बुधीकडे बघितलं, ओठ काढला आणि रडायला लागली. मागे फिरून आजीच्या लुगड्याला धरायला लागली. तिनं बुधीला ओळखलं नव्हतं.

बुधीनं हात पुढे केला होता तो मांडीवर परत ठेवला. "इसरली," ती म्हणाली. "बारकी पोरं इसरतात. त्यांचं काय नाय."

बायडी खाली बसली, ओट्याच्या पायरीवर. डोळ्यांना पदर लावला नाही. पाणी तसंच वाहू दिलं.

बुधी म्हणाली, "मला वाटलं देवानं टाकली मला. रात्रंदिस तेच. टाकली तर टाकली, पन का टाकली ते तरी सांग, असं मी त्याला म्हनायचे." तिनं पालथी ताटली सुलटी केली, उगीच पुसली. "तू टाकलंस व्हय. त्यानं नाय."

"मीच."

"मंग बरं झालं सांगितलंस. तुजा राग हाय मला. लवकर जायचा नाय तो. पन तुजा राग मला सोसवंल. त्याचा नसता सोसवला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. मान्सं उपाशी बसलीत."

"मी खानार नाय बुधे. मला नको."

"आता त्यात बी तुजंच चालवनार?" बुधी म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

ओसरीत सगळे होते तिथेच होते. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. साईनाथनं फडका काढला. बायडीची सवय ताट उचलायची, तिचा हात गेलाच, तेवढ्यात बुधीनं ताट घेतलं. आधी पोश्याला दिलं. मग एकेकाला देत देत बायडीसमोर आली. बायडीनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"हात काढ," बुधी म्हणाली. "आजपतुर वाढत आलीस. आता घ्यायला शीक."

बायडीनं हात काढले. भांडी घासून घासून राखाडी झालेले, म्हाताऱ्या बाईचे हात. बुधीनं त्यावर तुकडा ठेवला. बायडीनं तो तोंडात घातला. झाकून ठेवून भाकर वाळली होती, लवकर उतरेना. ती चावत राहिली. आपण याला लायक नाही, हे तिला चावता चावता कळत होतं, आणि तरी तुकडा तोंडात होता, कुणी काढून घेत नव्हतं.

बुधीनं शेवटचा तुकडा स्वतः खाल्ला. "जाड झालीय," ती म्हणाली. "तुजी नेहमी जाडच असते."

पोश्या हसला. बायडी काही बोलली नाही. वाडीनं ते पहिल्यांदा पाहिलं.

प्रार्थना सुटल्यावर बायडी डबा घेऊन बुधीकडे गेली. आता हा तुझ्याकडे, म्हणाली. बुधीनं घेतला नाही. "ऱ्हाव दे तुज्याकडंच. निवडायला मी येत जाईन. माजे डोळे चांगले हायत." बायडीला वाटलं होतं डबा गेला की पाठीवरचं ओझं जाईल. ओझं तिच्याच हातात परत आलं, आणि आता ते रोज बघायला बुधी येणार होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भेंडीचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा राहिला. बुधीच्या ओट्यावर वाडीच्या पोरांपैकी एकटी एस्तेर होती आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी रडत होती. जयश्री टेम्पोत बसून कानावर हात ठेवून होती, पण बसली होती. रत्ना पोराला कडेवर घेऊन चढायला लागली, तर बायडी टेम्पोच्या फळीला धरून उभी.

"पोर बुधीकडं ठेव."

"मी कुठं काय म्हनले, मावशी," रत्ना म्हणाली. "याला जरा सर्दी हाय म्हनून नेते."

"काल ऐकलंस ना मी काय बोलले ते?"

"ऐकलं." रत्नानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. बायडीकडे बघायचं टाळलं. "ऐकलं वो. पन मन नाय व्हत लगेच. उद्या बघू."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. बायडीनं फळी सोडली नाही. रत्नाच्या मनात जे होतं ते तिनंच तिथं नेऊन ठेवलं होतं, आणि ते तिथून एका रविवारात निघणार नव्हतं, हे तिला कळलं.

"बघ," ती म्हणाली. "उद्या मी हितंच उभी ऱ्हानार हाय. परवा बी."

मग तिनं फळी सोडली.